ओवाळणी आणि हक्क

आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धांतून काही विषय वर्षानुवर्षे फिरत असतात. ‘भाकरी आधी की स्वातंत्र्य आधी?’ हा त्यांपैकीच एक. अनुकूल बाजूचा वक्ता उठतो आणि विचारतो, उपाशी माणसाने भाषणस्वातंत्र्य घेऊन काय करायचे? प्रतिकूल बाजूचा वक्ता उठतो आणि सांगतो, पिंजऱ्यातल्या पोपटालाही वेळेवर डाळिंबाचे दाणे मिळतात. दोघांनाही टाळ्या पडतात, परीक्षक घड्याळाकडे पाहतात आणि फिरता चषक कोणत्या तरी महाविद्यालयाच्या कपाटात जाऊन बसतो. प्रश्न मात्र होता तेथेच राहतो.

तो सुटत नाही याचे कारण, माझ्या मते, तो विचारण्याची रीतच बरोबर नाही. भाकरी आणि स्वातंत्र्य ह्या तराजूच्या दोन पारड्यांत घालून तोलण्याच्या वस्तू नव्हेत. विचारायला हवे ते हे की, माणसाला भाकरी मिळते ती कोणत्या नात्याने मिळते? कोणाच्या मर्जीने मिळते, की त्याची स्वतःची म्हणून मिळते? आपल्या मराठीत या दोहोंसाठी दोन छान शब्द आहेत. एक ओवाळणी आणि दुसरा हक्क. ओवाळणी प्रेमाची असते, तिची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. पण ताटात किती घालायचे, कधी घालायचे आणि घालायचे की नाही, हे देणारा ठरवतो. हक्क मात्र देणाऱ्याशी भांडण झाले तरी शाबूत राहतो. लोकशाहीतील नागरिकाला जे आर्थिक संरक्षण मिळते ते ओवाळणीसारखे मिळते की हक्कासारखे, यावर तो नागरिक मोकळा आहे की मिंधा, हे ठरते. या लेखात मला एवढेच सांगायचे आहे.

आपल्या संविधानातच हा पेच जन्मापासून आहे. तिसऱ्या भागात मूलभूत हक्क आहेत. ते डावलले गेले तर नागरिक थेट सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावू शकतो. चौथ्या भागात मार्गदर्शक तत्त्वे आहेत. उपजीविकेचे पुरेसे साधन, कामाचा हक्क, निर्वाहाइतके वेतन ह्या गोष्टी तेथे, म्हणजे कलम ३९, ४१ आणि ४३ मध्ये आल्या आहेत. परंतु त्यांच्याआधीच कलम ३७ सांगून ठेवते की, ही तत्त्वे देशाच्या कारभारात मूलभूत असली तरी न्यायालयामार्फत ती अमलात आणता येणार नाहीत. १९५० साली देश गरीब होता, तिजोरी रिकामी होती, हे खरे. पण त्यामुळे असे झाले की बोलण्याचा हक्क हा हक्क ठरला आणि जगण्याचे साधन ही शासनाची सदिच्छा ठरली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हा धोका स्पष्ट दिसत होता. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेल्या भाषणात त्यांनी बजावले होते की, राजकारणात समता आणि सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता अशा विसंगतीच्या आयुष्यात आपण पाऊल टाकीत आहोत. त्याआधी १९४७ च्या ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात त्यांनी एक साधा प्रश्न विचारला होता. बेकार माणसापुढे अशी नोकरी ठेवा की जिच्यात कामाचे तास ठरलेले नाहीत आणि संघटनेत जायला मनाई आहे. त्याने कोणती निवड करावी अशी आपली अपेक्षा आहे? उपासमारीच्या भीतीने तो आपले मूलभूत हक्क आपल्याच हाताने सोडून देईल, हा त्या विवेचनाचा रोख होता. ‘आपल्याच हाताने’ हे शब्द वाचकांनी लक्षात ठेवावेत. पुढे ते पुन्हा येणार आहेत.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. ती पोपटाच्या दृष्टान्ताहून पुष्कळ भक्कम आहे. ज्याच्या हातात वाटपाचा पळा, त्याच्या हातात सत्ता. सरकारने सर्वांचे पोट भरण्याची हमी घेतली, तर सर्वांच्या मानेवर सरकारचा हात येईल, अशी ही भीती आहे. महाराष्ट्रात हा विचार सर्वांत तडफेने मांडला तो शेतकरी संघटनेचे शरद जोशी यांनी. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही त्यांच्या संघटनेची घोषणा होती. सरकारने सूटसबसिडीचे तुकडे टाकण्यापेक्षा शेतकऱ्याच्या मालाचे भाव पाडणे आणि त्याच्या जमिनीवर हक्क सांगणे थांबवावे, असा त्यांचा आग्रह होता. सरकारी मेहेरबानीवरचा हा राग खोटा होता असे कोणी म्हणू शकणार नाही. निदान पनवेलकरांनी तरी म्हणू नये.

कारण सरकार काय देऊ शकते आणि काय काढून घेऊ शकते, हे दोन्ही आमच्या तालुक्याने एका पिढीच्या आत पाहिले आहे.

कुलाबा जिल्ह्यातली, म्हणजे आजच्या रायगडमधली शेती एके काळी खोतांच्या ताब्यात होती. अलिबागजवळच्या चरी गावी १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांची जमीन कसायला नकार दिला. चरी आणि आसपासच्या पंचवीस गावांचा हा संप सुमारे सहा वर्षे चालला. शेते ओस पडली. माणसांनी रानातला लाकूडफाटा विकून दिवस काढले. कायद्याने ती कुळे स्वतंत्र माणसे होती. त्यांना खोताने बांधून ठेवले नव्हते. पण ‘नाही’ हा एक शब्द उच्चारण्याची किंमत त्यांना सहा वर्षांच्या उपासाने मोजावी लागली. पुढे १९४८ चा कुळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून कसणारी कुळे जमिनीची मालक होऊ लागली. हा कायदा खोतांच्या व जमीनदारांच्या मालमत्तेच्या स्वातंत्र्यावर घाला होता काय? होता. त्याने हजारो माणसांना ताठ मानेने बोलण्याचे स्वातंत्र्य दिले काय? तेही दिले. ज्याच्या नावावर दोन एकर भातशेती आहे, तो माणूस ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत कोणाला मत द्यायचे हे सावकाराला विचारायला जात नाही.

पण हे सुख अल्पजीवी ठरले. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतील ९५ गावांची जमीन संपादन करण्याचे ठरले. १९५७ आणि १९७० यांमध्ये अंतर अवघे तेरा वर्षांचे! वापरला गेला तो १८९४ सालचा, इंग्रजांनी केलेला भूसंपादन कायदा. ‘सार्वजनिक प्रयोजन’ असा शिक्का मारला की शेतकऱ्याच्या संमतीची गरज उरत नसे. येथे एक गोष्ट मुद्दाम नोंदवावीशी वाटते. १९७० साली मालमत्तेचा हक्क हा मूलभूत हक्क होता. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने तो त्या यादीतून काढला गेला आणि कलम ३००-अ मध्ये साधा कायदेशीर हक्क म्हणून उरला. म्हणजे आमच्या गावांवर जेव्हा नोटिसा लागल्या, तेव्हा कागदावर शेतकरी पूर्ण सुरक्षित होता. त्या मूलभूत हक्काने त्याला किती तारले, हे ज्या वृद्धांनी त्या नोटिसा पाहिल्या त्यांना विचारावे. वकिलाची फी देण्याची ऐपत नसलेल्याचा मूलभूत हक्क ग्रंथालयातील जाड पुस्तकासारखा असतो. तो तेथे आहे याचा अभिमान वाटतो, पण रात्री उशाला घेता येत नाही.

तारले ते संघटनेने. शेतकरी कामगार पक्षाचे नेते दि. बा. पाटील यांच्या मागे गावेच्या गावे उभी राहिली. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई आणि नवघर फाटा परिसरात आंदोलकांवर गोळीबार झाला. पाच माणसे हुतात्मा झाली. त्यानंतर, १९९० मध्ये, संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकाला परत देण्याचे धोरण शासनाने स्वीकारले. पुढे विमानतळासाठी जमिनी गेल्या तेव्हा साडेबावीस टक्क्यांपर्यंत मजल गेली. त्या विमानतळाचे २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये उद्घाटन झाले आणि डिसेंबरात उड्डाणे सुरू झाली. साडेबारा टक्के हा आकडा आमच्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतो. कोणा मंत्र्याने कनवाळू होऊन तो दिला, असे येथे कोणी मानीत नाही. तो हक्क म्हणून मागितला गेला, हक्क म्हणून मिळाला. ज्याने मोर्चात पोलिसांची लाठी खाल्ली त्यालाही भूखंड मिळाला, याला मी महत्त्व देतो. सरकारविरुद्ध घोषणा देणाऱ्यालाही जे सरकारकडून मिळते, तेच खरे हक्काचे.

एवढ्यावर थांबलो असतो तर हा लेख आमच्या भागाचा गौरवग्रंथ झाला असता. पण साडेबारा टक्क्यांच्या कथेला एक दुसरे पान आहे आणि ते मला माझ्या घरातच वाचायला मिळाले.

या योजनेचे माप जमीन हे होते. जेवढी जमीन गेली तेवढ्या प्रमाणात भूखंड. सातबाऱ्यावर ज्याचे नाव, तो प्रकल्पग्रस्त. भूमिहीनांसाठी काही तरतुदी झाल्या, नाही असे नाही. पण मुख्य हिशेब सातबाऱ्याचा. आता माझ्या आजीचे घ्या. ती जन्मभर लावणीला गेली, कापणीला गेली, मिठागरावर डोक्यावरून मीठ वाहिले, ओहोटीला खाडीत उतरून निवट्या आणि चिंबोऱ्या धरून आणल्या आणि त्या पनवेलच्या बाजारात विकून घरचे तेलमीठ चालवले. शेत गेले तेव्हा तिचे शेत गेले. खाडी बुजली तेव्हा तिची खाडी गेली. पण तिचे नाव कोणत्याच उताऱ्यावर नव्हते. खाडीचा तर सातबाराच नसतो. त्यामुळे सरकारच्या लेखी तिचे काही गेलेच नाही.

आणि माझ्या दोन आत्या. आजोबा वारल्यावर वारसनोंद करण्याची वेळ आली. वास्तविक १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानेच वडिलांच्या स्वतःच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतका वाटा दिला होता. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि संसदेने २००५ मध्ये दुरुस्ती करून एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतही तिला मुलाच्या बरोबरीने बसवले. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क जन्मसिद्ध असल्याचे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. कायदा असा बहिणींच्या बाजूने उभा असताना आमच्याकडे, आणि आमच्यासारख्या शेकडो घरांत, एक कागद तयार झाला. त्याला ‘हक्कसोडपत्र’ म्हणतात. मराठी भाषा किती प्रामाणिक आहे पाहा! हक्क सोडल्याचे पत्र. त्यात लिहिलेले असते की, हा दस्त मी राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय करून देत आहे. दोन्ही आत्यांनी सह्या केल्या. दोघींना एकेक पैठणी मिळाली.

कोणी त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही, हे खरे आहे. परंतु सही केली नसती तर माहेर तुटले असते, हेही तितकेच खरे आहे. काही वर्षांनी थोरली आत्या विधवा झाली. मुलांची शिक्षणे व्हायची होती. माझ्या वडिलांनी तिला मदत केली. हात आखडला नाही, बोलून दाखवले नाही. ते चांगले भाऊ आहेत. पण मागायला तिला यावे लागले. आणि मी एक बदल पाहिला. पूर्वी ही आत्या घरात वडिलांना सर्वांदेखत खडसावीत असे. थोरली बहीण म्हणून तिचा तो मान होता. मदत घेऊ लागल्यापासून तिने त्यांना कधी उलटून उत्तर दिले नाही. गावच्या निवडणुकीत असो, घरातल्या लग्नाच्या बैठकीत असो, ‘दादा म्हणेल तसं’ हे तिचे मत झाले. कलम १९ ने दिलेले तिचे भाषणस्वातंत्र्य कोणत्याही सरकारने काढून घेतलेले नाही. ते त्या हक्कसोडपत्राबरोबर गेले. भूखंडाचा तिचा वाटा तिच्या नावावर असता, तर मदत कदाचित लागलीच नसती, आणि लागली असती तरी तिचा आवाज गेला नसता.

आर्थिक हक्क आणि व्यक्तिस्वातंत्र्य यांचा संबंध काय, असे परीक्षेत विचारले तर मी थोर विचारवंतांची नावे लिहीन. आपणांस विचारले तर मी हा संबंध माझ्या आत्याच्या बोलण्यात पाहिला असे सांगेन.

येथे कोणी म्हणेल, सही तर तिने आपल्याच हाताने केली, मग कोणाचे काय चुकले? ह्या ‘आपल्याच हाताने’चा निवाडा आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये एका निराळ्या संदर्भात केलेला आहे. दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धांसाठी बांधकामे चालली होती आणि मजुरांना किमान वेतनही मिळत नव्हते. मजूर स्वतःहून कामावर आले आहेत, मग ही वेठबिगारी कशी, असा प्रश्न होता. न्यायमूर्ती भगवती यांच्या निकालाने सांगितले की, भूक आणि दारिद्र्य यांमुळे ज्याच्यापुढे दुसरी वाटच उरलेली नाही, त्याने किमान वेतनाहून कमी दराने केलेले काम हे कलम २३ ला अभिप्रेत असलेले सक्तीचेच काम होय. दंडुक्याची सक्ती असते तशी परिस्थितीचीही सक्ती असते, हे त्या निकालाचे सार आहे.

याचे उदाहरण पाहायला दिल्लीला जाण्याचे कारण नाही. आपल्या तालुक्यातल्या, कर्जत-खालापुरातल्या कातकरी वाड्यांत जावे. पावसाळ्यात हाताला काम नसते, घरात दाणा नसतो. तेव्हा वीटभट्टीचा मुकादम येतो आणि उचल देतो. दिवाळीनंतर कुटुंबच्या कुटुंब भट्टीवर जाते आणि पाऊस येईपर्यंत विटा पाडून ती उचल फेडीत राहते. मुलांची शाळा सुटते. हिशेब मुकादमाच्या वहीत. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ साली झाला. मतदार यादीत या कातकऱ्याचे नाव आहे, त्याच्या मताचे मोल उद्योगपतीच्या मताइतकेच आहे. पण श्रावणात कोणी हातावर चार पैसे टेकवले की पुढचे सहा महिने तो विकला जातो. त्याला स्वतंत्र म्हणायचे असेल, तर श्रावणात त्याच्या घरात दुसरा काही आधार असला पाहिजे.

असा आधार कसा उभा करावा, याचा धडाही आपल्या महाराष्ट्रानेच देशाला घालून दिला. १९७२ च्या भीषण दुष्काळात रोजगार हमी योजना आकाराला आली. तिच्यामागे विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांचे चिंतन होते. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. या कायद्याचे मोठेपण खडी फोडण्यात नाही. मजुराने काम मागायचे आणि शासनाने ते पंधरा दिवसांत द्यायचे, न दिल्यास भत्ता द्यायचा, ह्या उलट्या क्रमात त्याचे मोठेपण आहे. त्यापूर्वी दुष्काळी काम हे सरकारचे औदार्य होते, आता ते मजुराचे येणे झाले. ज्याला सरकारी कामाची खात्री आहे, तो गावच्या बागायतदाराला ‘एवढ्या मजुरीत जमणार नाही’ असे सांगू शकतो. संसदेने २००५ मध्ये देशभरासाठी ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, तो याच वाटेने.

आणि याचा पैसा कोठून आला? १९७५ साली महाराष्ट्राने व्यवसाय कर बसवला तो याच कामासाठी. शहरातल्या पगारदाराच्या पगारातून दरमहा थोडी रक्कम कापायची आणि खेड्यातल्या बेकाराला काम द्यायचे. कर म्हणजे माझ्या मिळकतीवरचे, म्हणून माझ्या स्वातंत्र्यावरचे आक्रमण, असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब मांडून पाहावा. एकाच्या पगारातून पानतंबाखूच्या खर्चाइतकी रक्कम जाते आणि दुसऱ्याला मालकासमोर मान वर करता येते. हा सौदा मला महाग वाटत नाही. ही योजना सदैव नीट चालली असे मी म्हणत नाही. कामे वेळेवर निघाली नाहीत, मजुरी थकली, हजेरीपटावर खोटी नावे चढली. पण ही तक्रार करता येते, कारण तेथे हक्क आहे. ओवाळणी कमी पडली म्हणून कोणाकडे दाद मागणार?

म्हणून आजच्या योजनांकडे पाहताना मला हीच कसोटी लावाविशी वाटते. २०२४ मध्ये राज्य शासनाने लाडकी बहीण योजना सुरू केली. दरमहा १५०० रुपये, बाईच्या स्वतःच्या खात्यात. या योजनेला नावे ठेवणारे सुखवस्तू लोक मला पटत नाहीत. स्वतःच्या नावचे बँक खाते आणि त्यात कोणालाही न विचारता काढता येतील असे पैसे, ही गोष्ट ज्या घरात कधीच नव्हती, त्या घरात ती लहान नाही. पण तिचे नावच पाहा. देणारा भाऊ आणि घेणारी बहीण. पाया शासन निर्णयाचा, विधिमंडळाने केलेल्या कायद्याचा नव्हे. २०२५ मध्ये छाननी झाली आणि लाखो नावांचे पैसे थांबले. त्यांतली किती योग्य रीतीने थांबली आणि किती अयोग्य, हा वेगळा प्रश्न. माझा प्रश्न असा की, ज्या बाईचे पैसे थांबले तिने कोणाच्या दारी जाऊन, कोणत्या कलमाचा आधार घेऊन भांडायचे? याउलट २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने धान्य हे हक्काचे केले आणि तक्रार कोठे करायची तेही लिहून ठेवले. तेथे रेशन दुकानदाराने मापात मारले तर बाई त्याला कायदा दाखवू शकते. रक्कम लहान की मोठी, हे दुय्यम आहे.

तेव्हा कोणतीही आर्थिक सवलत पुढे आली की सुजाण विद्यार्थ्याने तीन गोष्टी विचाराव्यात. ती कायद्यात लिहिलेली आहे काय? ती त्या व्यक्तीच्या स्वतःच्या नावावर आहे काय, की कुटुंबप्रमुखाच्या, सातबाऱ्यावरच्या पुरुषाच्या नावावर? आणि देणाऱ्याच्या विरुद्ध बोलल्यावरही ती चालू राहते काय? तिन्ही उत्तरे ‘होय’ असतील तर त्या सवलतीने माणूस आळशी होईल, मिंधा होईल, ही भीती बाळगण्याचे कारण नाही. एकही उत्तर ‘नाही’ असेल, तर शरद जोशींचा इशारा तेथे खरा ठरतो. त्यांच्याच संघटनेने १९८० च्या दशकाच्या अखेरीस ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम काढली आणि शेतकऱ्यांना आपल्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करायला सांगितले, हे येथे आठवते. सरकारी मदतीचा तिटकारा असलेल्या चळवळीलाही कळले होते की, नावावर काही असल्याशिवाय मुक्ती हा पोकळ शब्द आहे.

कायदेही हळूहळू या दिशेने सरकत आहेत. १८९४ चा भूसंपादन कायदा जाऊन २०१३ चा नवा कायदा आला. त्यात खासगी व भागीदारी प्रकल्पांसाठी बहुसंख्य बाधितांची संमती लागते, आणि जमीन नसली तरी त्या जमिनीवर, रानावर वा पाण्यावर ज्यांचे पोट आहे अशा मजूर, कुळे, कारागीर, मच्छीमार यांनाही ‘बाधित कुटुंब’ मानले आहे. माझ्या आजीचे निवट्यांचे चिखल त्या कायद्याच्या व्याख्येत बसले असते. कायदा यायला उशीर झाला एवढेच.

उरते ते आपले काम. पनवेलभोवती आजही नवे रस्ते, नवी नगरे, ‘नैना’सारखी नवी नियोजने येत आहेत. जमिनीचे भाव कोणाच्या स्वप्नात नव्हते एवढे चढले आहेत. पुन्हा नोटिसा येतील, पुन्हा वाटप होईल, पुन्हा वारसनोंदी होतील. आपल्यापैकी पुष्कळजण त्या वेळी घरातले शिकलेले म्हणून कागद वाचायला बसतील. आपण राज्यशास्त्राच्या तासाला समता शिकतो आणि तलाठी कार्यालयात बहिणीच्या हक्कसोडीचे साक्षीदार म्हणून सही करतो, असे होऊ नये. सरकारकडे हक्क मागणाऱ्याने घरात ओवाळणीवर भागवू नये. आमच्या भागाने गोळ्या झेलून सरकारला एक गोष्ट शिकवली की, दिलेले आणि देणे लागत असलेले यांत फरक असतो. तीच गोष्ट आता आमच्या अंगणात शिकायची वेळ आली आहे. वीटभट्टीच्या मालकाने ती शिकावी, शासनाने शिकावी, आणि तितकीच ती आम्हा भावांनीही शिकावी.

धाकट्या आत्याच्या मुलीने यंदा आपल्याच महाविद्यालयात प्रथम वर्षाला प्रवेश घेतला आहे. वारसा कायद्याची माहिती देणारी एक पुस्तिका मी तिला आणून दिली. ती तिने आपल्या आईला वाचून दाखवली, असे ती म्हणाली. आई काय म्हणाली, हे मात्र तिने अजून सांगितलेले नाही.